'कालकथित' की 'कालकथिता'? (आणि 'कै.' का चालत नाही)

खेडचा छापखाना: माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. परवा मंडणगडकडच्या एका बौद्ध काकांनी आईच्या जलदान विधीची, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीची पत्रिका दिली, हाताने लिहिलेलं मॅटर, आईच्या नावाआधी 'कै.'च्या जागी स्वच्छ 'कालकथित'. आमच्या पोराला वाटलं ही काहीतरी चूक आहे, त्याने 'कै.' केलं आणि खाली टेम्प्लेटमधलं 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' तसंच राहिलं. 200 पत्रिका छापून झाल्यावर काका शांतपणे म्हणाले, दादा, कैलास आमचा नाही, ईश्वर मानत नाही आणि आत्मा पण नाही, एका कागदात तिन्ही घातलंत. आता सगळं माझ्या खर्चाने परत. तर प्रश्न एवढाच, बाईसाठी 'कालकथिता' करायचं का?

शुद्धलेखनवाले आप्पा: मुळात शब्दच चुकीचा. कथित म्हणजे सांगितलेला. पेपरात 'कथित घोटाळा' येतो, म्हणजे झाला की नाही माहीत नाही असा. मग कालकथित म्हणजे काय, कथित मेलेला?

सावित्रीची लेक, दापोली: आप्पा, जरा सांभाळून, लोकांची आईवडील असतात त्या शब्दापुढे. पालीत 'कालं करोति' म्हणजे मरण पावतो, त्यावरून कालकत, कालङ्कत. कत म्हणजे केलेला, संस्कृतातलं कृत. पुढे कुणीतरी कतचं कथित केलं असावं असं माझं मत, कारण कत मराठी कानाला अर्धवट वाटतं. पण आता आमच्या तीन पिढ्या हेच लिहितायत, तर तो मराठी शब्द झाला. 'कै.' लिहिणारे सगळे कुठे शंकराचे भक्त असतात?

आप्पा: चूक शंभर वर्षं केली तरी चूकच. कालकृत लिहा.

सावित्रीची लेक: कालकृत कोणाला कळणार, तुम्हाला आणि मला.

वेंगुर्ल्याचा बांगडा: आमच्याकडे माळकरी असला तर 'वै.', नाहीतर 'कै.', आणि घरातले भांडत असले की नुसतं 'देवाज्ञा झाली'. माझी आजी म्हणायची, "बापूस कैलासात गेलो की वैकुंठात, ता तेकाच जावन इचारा." बाकी एवढं ताणायचं कशाला, हिंदू काय बौद्ध काय, कर्म दोन्हीकडे, पुनर्जन्म दोन्हीकडे, बुद्ध तर विष्णूचा नववा अवतार. एकच घर ना.

सावित्रीची लेक: हे वाक्य येणार माहीतच होतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेत दिलेल्या 22 प्रतिज्ञांत 'बुद्ध विष्णूचा अवतार' हे नाकारलंय आणि श्राद्धपक्ष, पिंडदान पण नाही. म्हणून तेरावा नाही, जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. आणि महाराष्ट्रात दशावताराच्या जुन्या चित्रांत नवव्या जागी विठोबा पण दिसतो, मग घर नक्की कोणाचं?

बांगडा: बरं बाई. पण आत्माच नाही तर पुनर्जन्म कोणाचा? हे मला खरंच कधी समजलं नाही, चिडवत नाहीये.

सावित्रीची लेक: मिलिंद राजाने नागसेन या बौद्ध भिक्खूला जवळपास हेच विचारलं होतं, त्याचं उत्तर दिव्याचं. एका दिव्याने दुसरा लावला तर पहिल्यातून उचलून काय नेलं? काहीच नाही, तरी दुसरा पहिल्यामुळेच पेटला. उपनिषदांतला आत्मा मात्र टिकणारी वस्तू आहे, देह बदलतो आणि तो तसाच राहतो. म्हणून तिकडे मोक्ष म्हणजे सुटणं आणि इकडे निर्वाण म्हणजे विझणं, 'वा' धातू, वाऱ्यातला. सुटायला कोणीतरी लागतो, विझायला लागत नाही.

आप्पा: गीतेतही निर्वाण आहे, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, ब्रह्मनिर्वाण. शब्द काही एकट्याच्या मालकीचा नाही.

सावित्रीची लेक: मालकीचं कोण बोललं? तिथे आधी ब्रह्म जोडलंय, फरक तोच तर आहे.

गुहागरी सुपारी: मधेच विचारते, मग 'निर्वाणीचा इशारा' काय? पाणीपट्टी थकली तेव्हा आम्हाला आलेला, त्यात विझण्यासारखं काहीच नव्हतं, उलट आमच्या सासऱ्यांचा भडका उडाला.

आप्पा: निर्वाण म्हणजे अंत, त्यावरून शेवटचा. सोपं आहे.

गुहागरी सुपारी: मग अंतिम इशारा का नाही म्हणत? निर्वाणीचा म्हटलं की पोटात गोळा येतो, त्या 'वा'मुळेच असणार.

बांगडा: पन्हाळेकाजीला जा सगळे. 29 लेणी, आधी बौद्धांची, मग शैव आले, गाणपत्य, नाथपंथी. त्यांनी भांडत न बसता लेणीच वापरली.

सावित्रीची लेक: भांडले नाहीत कशावरून? दगडावर भांडण कोरत नाहीत. आणि महाडच्या गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांना पण लोक पांडवलेणीच म्हणतात, पांडव एवढे रिकामे होते काय?

खेडचा छापखाना: मंडळी, कथित का कथिता? काका चार वाजता येणारेत.

आप्पा: विशेषण आहे, स्त्रीलिंगी कथिताच. अर्थात शब्द चुकीचा आहे हे वर लिहिलंच आहे.

सावित्रीची लेक: आमच्या गावात बायांना पण कालकथितच छापतात. कथिता म्हणजे मासिकाचं नाव वाटतं.

गुहागरी सुपारी: दादा, पत्रिका ऑफसेटवर की डिजिटल? आमच्याकडच्या डिजिटलचा रंग पावसात बोटाला लागतो.