मदत हवी आहे: फोन बंद करून चार्ज केला तर 80 टक्क्यांची मर्यादा पाळली जाते का?

चार्जिंगसाठी फोन बंद करायची गरज नसते, हे माहीत आहे. लिथियम-आयन बॅटरीला खरा त्रास उष्णतेचा आणि 100 टक्क्यांवर तासन् तास राहण्याचा. स्क्रीन बंद असेल तर चालू फोनचा खर्च किरकोळच.

प्रश्न वेगळा आहे. मर्यादा लावतो अँड्रॉइडच्या सेटिंगमधून, पण फोन बंद असताना अँड्रॉइड पूर्ण चालू नसतं. मग चार्जिंग 80 वर थांबतं की थेट 100 पर्यंत जातं? कृपया कोणी तपासाल का? मर्यादा लावून 70 टक्क्यांना फोन बंद करा, कव्हर काढा (उष्णता अडते), चार्जर जोडा आणि दीड तासाने स्क्रीनवरचा आकडा बघा. मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि चार्जरचे वॅट जरूर लिहा, त्याशिवाय तुलना होणार नाही.