पुस्तक काढा म्हणायचा हक्क कुणाचा? न्यू जर्सीचा कायदा तुम्हाला पटतो का?

सारिका_एडिसन: डिसेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर मर्फींनी फ्रीडम टू रीड कायद्यावर सही केली, त्यावरून आमच्या ग्रुपमध्येच दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते. शाळेतल्या किंवा सार्वजनिक लायब्ररीतल्या पुस्तकावर हरकत असेल तर रीतसर अर्ज द्यायचा, निकाल लागेपर्यंत पुस्तक शेल्फवरच राहणार, आणि ग्रंथपालाने चांगल्या हेतूने काम केलं असेल तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही लावता येणार नाही. मला हे शंभर टक्के पटतं. आर्कान्सा राज्याने २०२३ ला कायदा केला की 'घातक' पुस्तक अल्पवयीन मुलाच्या हाती लागू दिलं तर ग्रंथपालाला वर्षभरापर्यंत जेल, कोर्टाने अडवलं म्हणून वाचले बिचारे. जेलची भीती असेल तर हरकत यायच्या आधीच माणूस खरेदीच्या यादीतून नाव कापेल, आणि ते कुणाला कळणारसुद्धा नाही.

दोन_मुलींची_आई: नाही पटत. इथला प्रॉपर्टी टॅक्स केवढा आहे तुला माहितीये, तो मी भरते, आणि लहान मुलांच्या सेक्शनमध्ये काय ठेवलंय यावर तोंड उघडलं की मी लगेच पुस्तकबंदीवाली ठरते. डॉक्टर चुकला तर केस होते ना, मग ग्रंथपालालाच कवच का?

सारिका_एडिसन: अगं तोंड कुठे बंद केलंय, अर्ज कर ना! तुझ्या मुलीने काय वाचायचं ते तू ठरव, शेजारणीच्या मुलीचं तू का ठरवणार?

ऑस्टिनकर: टेक्सासमध्ये काय झालं ते सांगतो. लानो काउंटीने (तिथला एक जिल्हा) २०२१ मध्ये लायब्ररीतून १७ पुस्तकं काढली, त्यात इझाबेल विल्करसनचं जातिव्यवस्थेवरचं 'कास्ट' होतं, ज्यात बाबासाहेबांबद्दल लिहिलंय, म्हणजे हे आपल्या दारापर्यंत आलेलंच आहे. पुस्तकं काढायला नकार देणाऱ्या तिथल्या एका ग्रंथपालाची नोकरी गेली. लोक कोर्टात गेले, आधी जिंकले, पण मे २०२५ ला फिफ्थ सर्किटने, म्हणजे टेक्सास धरून तीन राज्यांच्या केंद्रीय अपील कोर्टाने, १० विरुद्ध ७ ने सांगितलं की लायब्ररीने पुस्तक काढलं म्हणून वाचकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने कोर्टात दाद मागता येणार नाही, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबरमध्ये केस ऐकायलाच नकार दिला. आता टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपीत वाचकाला कोर्टाचा आधार राहिला नाही, म्हणून राज्याचा कायदाच हवा.

रोखठोक_७१: कोर्टाचं बरोबरच आहे. लायब्ररी सरकारी, जागा मोजकी, पुस्तकं रोजच घेतली-काढली जातात. निवडून आलेल्यांनी ठरवावं, पटलं नाही तर पुढच्या वेळी पाडा त्यांना. काढलेलं पुस्तक दुकानात मिळतंच की.

सारिका_एडिसन: दुकानात मिळतं हो, पण आम्ही इथे आलो तेव्हा एका पगारात घर चालायचं, मुलांची सगळी पुस्तकं लायब्ररीतली. आणि फाटलेलं, कुणी न नेणारं पुस्तक काढणं वेगळं, कुणीतरी यादी आणून दिली म्हणून काढणं वेगळं.

दोन_मुलींची_आई: अर्जाचं मान्य, पण मग तो तपासणाऱ्यांत पालक हवेतच. नुसते लायब्ररीवालेच बसले तर माझा अर्ज कुठे जाणार ते मला आत्ताच दिसतंय.