वेशीवर परमिट रूम येतेय. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना कोण विचारणार?

नदीकाठ:
आमचं गाव सातारा जिल्ह्यात, वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. वेशीजवळ खताच्या दुकानाचा जुना गाळा आहे, तिथे परमिट रूमसाठी अर्ज झालाय. गाळ्याचं मागचं दार उघडतं ते आमच्या बोळात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ना-हरकतीचा विषय अगदी शेवटी घेतला. तोवर बायका स्वयंपाकाला घरी परतल्या होत्या. हजेरीवहीत सकाळच्या सह्या होत्याच. ठराव सर्वानुमते मंजूर!

मोजणी झाली तेव्हा मी दारातच उभी होते. शाळा आणि देवस्थानापासून ७५ मीटर अंतर हवं असा नियम. टेप सरळ रेषेत धरत नाहीत, माणूस ज्या वाटेने चालत जातो त्या वाटेने धरतात, या दाराच्या मध्यापासून त्या फाटकाच्या मध्यापर्यंत. शाळा ९१ मीटर भरली. भैरोबाचं देऊळ चाळीस पावलांवर आहे, पण त्याचा ट्रस्ट नोंदलेला नाही, म्हणून ते धरलंच नाही. आणि घर? नियमात शाळा आहे, देऊळ आहे, घर कुठेच नाही. माझी मुलगी दहावीला आहे, पडवीत बसून अभ्यास करते. तिच्यासाठी कुठला टेप लावायचा?

मी दारूबंदीवाली नाही. कुणी काय प्यावं हे मी ठरवणार नाही. पण परवाना द्यायच्या आधी लगतच्या घरांची लेखी संमती घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

फाट्यावरचा:
ताई, तुमची काळजी खरी आहे. तरी मी परवान्याच्या बाजूने आहे. माझं फाट्यावर गॅरेज आहे. आमच्या गावात परमिट रूम नाही, म्हणून पोरं बारा किलोमीटरवर तालुक्याला जातात आणि रात्री पिऊन गाडी हाणत परत येतात. गेल्या दिवाळीत आमच्या आळीतला एक पोरगा पुलाच्या कठड्यावर आदळला. जीव वाचला, पाय गेला. ती गाडी मीच उचलून आणली, अजून माझ्या शेडमागे पडली आहे.

दुसरं म्हणजे गावात दारू नाही असं नाही. जेवणाच्या ढाब्यावर स्टीलच्या ग्लासात मिळते. तिथे ना वयाची चौकशी, ना साठ्याची नोंद. परवाना असला की बियरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट लागते, तपासणी होते, परवाना रद्द व्हायची भीती असते. चोरून विकणाऱ्याला कसली भीती? शेजाऱ्याला नकाराधिकार दिला तर बांधावरून भांडण असलेला माणूस सहीच देणार नाही. किराणा दुकानसुद्धा निघायचं नाही मग.

बालाघाट:
दादा, रद्द व्हायची भीती म्हणता, ते रद्द करणं किती अवघड आहे ते सांगते. मी बीड जिल्ह्यातली. आमच्या गावात आडवी बाटलीचं मतदान झालं, त्यात मी घरोघर फिरले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या. सगळी मेख इथे आहे.

आमच्या यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली होत्या, वारलेल्या म्हाताऱ्या होत्या. आणि निम्मं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेलेलं. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच खात्यात गेली. आलेल्या बायकांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सोडल्या तर सगळ्यांनी आडवीवर शिक्का मारला, तरी आम्ही हरलो. निकाल लागला तेव्हा माझी जाऊ शाळेच्या पायरीवर बसून राहिली, घरी यायलाच तयार होईना. तिचा नवरा दारूनेच गेला होता.

म्हणून नदीकाठताई, आधीच अडवा. एकदा परवाना मिळाला की गावाच्या हातात जे उरतं ते हे इतकंच.

वर्धाकाठ:
मी चंद्रपूरचा. आमच्याकडे १ एप्रिल २०१५ला जिल्हाभर दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये उठली. ती सहा वर्षं मी अनुभवली आहेत. शेजारच्या जिल्ह्यांतून दारू येतच राहिली, फक्त दुप्पट-तिप्पट भावाने. शाळकरी पोरांच्या दप्तरांतून बाटल्या पोचवल्या जायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रोजंदारीवरचा माणूस प्यायचा थांबला नाही, त्याच्या घरात येणारा पैसा तेवढा आणखी कमी झाला. आणि चोरटी दारू काय करते ते जून २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीला दिसलं, शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने गेली. मला दारूचं प्रेम नाही. पण दार बंद केलं की ती खिडकीतून येते, आणि ती जास्त वाईट असते.

बालाघाट:
गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे आणि तिथल्या बायका आजही ती राखायला झटतात. सगळीकडे चंद्रपूरच होतं असं नाही. शिवाय इथे बंदी कोण मागतंय? ताई फक्त विचारा म्हणतायत.

टेम्सतीर:
मी आठ वर्षं इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहतेय, घरासमोरच पब आहे. इथली पद्धत सांगते, उपयोगी पडेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३चा परवाना कायदा आहे. नव्या परवान्याचा अर्ज केला की फिकट निळ्या कागदावर सूचना छापून त्या जागेबाहेर २८ दिवस लावावी लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी. तेवढ्या मुदतीत कुणीही लेखी हरकत घेऊ शकतं. मात्र 'मला दारू आवडत नाही' एवढं चालत नाही. गुन्हे, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांना धोका, या चारांपैकी कशाला तरी धरून बोलावं लागतं. रास्त हरकत आली की स्थानिक परिषदेची समिती सुनावणी घेते.

आमच्या पबने मागच्या अंगणात गाणी लावायची परवानगी मागितली, तेव्हा मीही पत्र दिलं होतं. माझं लेकरू तेव्हा चार महिन्यांचं. परवानगी मिळाली, पण रात्री नऊनंतर मागचं दार बंद आणि रिकाम्या बाटल्या सकाळी आठच्या आत कचऱ्यात ओतायच्या नाहीत, अशा अटींवर. बाटल्यांचा तो खळखळाट किती जिव्हारी लागतो ते शेजारी राहणाऱ्यालाच कळतं. अटी मोडल्या तर शेजारी फेरतपासणी मागू शकतो. कुणाला सरसकट नकार नाही आणि कुणाचं तोंडही दाबलेलं नाही. मला हे पटतं.

फाट्यावरचा:
ही पद्धत मलाही मान्य होईल. पण इथे रात्री अकराला मागचं दार उघडं आहे म्हणून फोन केला तर येणार कोण? आमच्या बीटला दोन पोलीस आणि सतरा गावं.

नदीकाठ:
कुणी येणार नाही म्हणूनच अटी परवान्याच्या कागदावर हव्यात. माझ्या तोंडी तक्रारीला कोण विचारतो? अट लिहिलेली असली की नूतनीकरणाच्या वेळी ती पुढे करता येते.

आणि शहरात आता विचारायला लागलेच आहेत ना! मार्च २०२५मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवी बियर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर त्या सोसायटीची ना-हरकत लागेल. परमिट रूमची गोष्ट वेगळी म्हणाल, पण तत्त्व तेच आहे. सोसायटीतल्या बाईची झोप आणि वेशीवरच्या बाईची झोप यात फरक का करायचा?

दादा, तुमच्या शेडमागची गाडी मनातून जात नाही. 'संमतीशिवाय देऊच नका' हे मी आता म्हणणार नाही. अर्जदार आमच्याच भावकीतला आहे, काल त्याच्या घरी जाऊन बोलले. मागचं दार बांधून काढायला तो तयार झाला, रात्री साडेदहाला बंद करायची वेळ मात्र मान्य करेना. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय पुन्हा घ्या, त्याआधी महिलांची सभा वेगळी घ्या, आणि हा विषय पहिल्या क्रमांकावर ठेवा, असा अर्ज आज ग्रामसेवकांकडे दिला. पोच घेतली आहे. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना रजिस्टरने पाठवली.

सकाळी लेकीला टेपचं एक टोक धरायला लावलं. गाळ्याच्या मागच्या दारापासून तिच्या अभ्यासाच्या पाटापर्यंत तीन मीटर चाळीस सेंटीमीटर. तो आकडाही अर्जात लिहिला आहे.