मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशननंतर आई उभी राहायलाच तयार नाही

आई ७७ वर्षांची. दोन आठवड्यांपूर्वी पहाटे लघवीला उठली, मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि उजव्या कुशीवर पडली. मी धावत गेले तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. एक्सरेत खुब्याजवळ, मांडीच्या हाडाच्या मानेशी, हाड मोडून सरकलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, वरच्या गोळ्याला रक्त त्या मानेवरूनच जातं, हाड सरकलं की तो पुरवठा तुटू शकतो. या वयात स्क्रूने जुळेल याचा भरवसा नाही, बॉल बदलू.

मामांचा विरोध होता. "या वयात चिरफाड कशाला? वजन लावून पडू दे." पण नुसतं पडून राहिलं तर न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा हे सगळं मागे लागतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चाललीसुद्धा.

मग रात्री भ्रम सुरू झाला. सलाइनची सुई ओढली, मला ओळखेना, बारा वर्षांपूर्वी गेलेल्या बाबांना जेवायला वाढ म्हणाली. मी कोपऱ्यात उभी राहून रडले. रक्तात सोडियम कमी निघालं, त्यावर उपचार झाले. पण एका सिस्टरने विचारलं, "आजींचा चष्मा कुठाय?" चष्मा आणि कानाचं मशीन घाईत घरीच राहिलं होतं! ते आणून दिल्यावर दोन दिवसांत आई बरीचशी भानावर आली.

आता घरी आणलंय, तर पलंगावरून उतरत नाही. "परत पडेन गं" एवढंच. मावशी म्हणते, महिनाभर आराम करू दे. अशा फ्रॅक्चरनंतर वर्षभरात पाचातला एक तरी रुग्ण दगावतो असं वाचलं आणि माझी झोप उडाली. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा, भीती कशी घालवली? घरात काय बदललं?

आणखी एक मनाला लागून राहिलंय. दोन वर्षांपूर्वी आईचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. हाडांची तपासणी करा असं कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

प्रतिसाद:
ताई, सासूबाईंच्या वेळी आम्हीही हेच भोगलंय. मावशींचं ऐकू नका. पायावर पूर्ण भार द्यायचा का, हे सर्जनना विचारा आणि होकार असेल तर रोज उठवाच. आमच्याकडे निम्मी भीती दुखण्याची होती. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी व्यायामाच्या पाऊण तास आधी देऊ लागलो, तेव्हा फरक पडला. पाट, मांडी, उकिडवं बसणं सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. कमोडवर उंच सीट, मोरीत पकडायला दांडी, रात्रभर दिवा, पायपुसणी उचलून ठेवा. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मनगटाचं म्हणाल तर पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडणं ही बऱ्याचदा ठिसूळ हाडांची पहिली खूण असते. आता तरी औषध चालू करा. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. खुबा मोडलेल्यांवरच्या २००७ सालच्या अभ्यासात त्याने पुढची फ्रॅक्चर्स ३५ टक्क्यांनी कमी झाली होती. आधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि किडनी तपासून घेतात. झोपेची गोळी किंवा बीपीची औषधं चालू असतील तर तीही डॉक्टरांना दाखवा, तोल जायला तीही कारण असतात.

मूळ लेखिका:
खूप आभार. सर्जनना फोन केला, पूर्ण भार चालेल म्हणाले. झोपेची अर्धी गोळी आई कित्येक वर्षं घेतेय, ती कशी कमी करायची तेही ते सांगणार आहेत. आज दुखण्याच्या गोळीनंतर पाऊण तासाने उठवलं. दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरून, ओठ दाबून, खिडकीपर्यंत सात पावलं गेली आणि तिथे उभं राहून जास्वंदीला पाणी घातलंस का म्हणून विचारलं. कमोडवरची उंच सीट कुठल्या दुकानात मिळते, सर्जिकल की सॅनिटरी?