थीम अपडेट मारली आणि दोन वर्षांचे बदल गेले, परत मिळतील का?

हळदीवाली_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं हळद आणि बेदाण्याचं घरचं दुकान आहे, त्याची साईट मी स्वतः शिकत शिकत वर्डप्रेसवर केली. थीम, म्हणजे साईट कशी दिसेल त्याचा साचा, फुकटातली आणि इंग्रजीच्या हिशोबानं बनवलेली, त्यामुळं मराठी मथळ्यांचे फार हाल व्हायचे. अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असल्यानं 'हळद' लिहिलं की शिरोरेघ तुटायची, ह एकीकडं, ळ एकीकडं, द एकीकडं, आणि दोन ओळींचं मथळं असलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसायचा. मग मी थीम फाईल एडिटरमध्ये जाऊन स्टाईल डॉट सीएसएस या रंगरूपाच्या फाईलमध्ये एकेक गोष्ट सुधारत गेले, मुक्ता फॉन्ट लावला, फूटरमध्ये पत्ता आणि व्हॉट्सॲपचं बटण टाकलं, फंक्शन्सच्या फाईलमध्येही थोडा कोड आहे. काल थीमचं अपडेट आलं, दाबलं, आणि सगळं मूळ होतं तसं झालं. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू आहेत हो. गेलेलं परत मिळेल का, आणि यापुढं अपडेट करायचंच नाही का?

कृष्णाकाठ:
ताई आधी घाबरू नका, आणि पूर्ण साईटचा बॅकअप रिस्टोर अजिबात मारू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. तसं केलं तर डेटाबेस, म्हणजे ऑर्डरी आणि मजकुराचा साठा, पण जुना येईल आणि बॅकअपनंतर आलेल्या ऑर्डरी जातील. तुमचे बदल फाईलमध्ये होते. अपडेट करताना वर्डप्रेस थीमचं जुनं फोल्डर काढून त्याजागी नवीन ठेवतं, त्यात तुम्ही काय लिहिलंय ते बघत नाही. म्हणून होस्टिंगच्या पॅनेलमधून बॅकअपमधलं फक्त थीमचं फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

आता तुम्ही नेमकं काय काय बदललं होतं ते दोन वर्षांनी आठवणार नाहीच. त्यासाठी त्याच थीमची, त्याच जुन्या नंबरची मूळ कॉपी मिळवा, वर्डप्रेसच्या साईटवर जुनी व्हर्जन्स मिळतात, आणि दोन्ही फोल्डर विनमर्ज या फाईली ताडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी उघडा. ज्या ओळी रंगीत दिसतील त्या तुमच्या, बाकी सगळं थीमवाल्याचं. नंबर मात्र तोच पाहिजे, नवीन व्हर्जनशी ताडून बघितलं तर त्यांचे बदल आणि तुमचे बदल यांची खिचडी होते.

अपडेट बंद ठेवू नका. थीममधली सुरक्षेची भोकं त्यातूनच बुजवली जातात, आणि तुमच्या साईटवर लोकांचे पत्ते, फोन नंबर आहेत.

मिरज_वेबवाला:
वरचं बरोबर. पुढच्यासाठी चाईल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल ठेवायची वेगळी छोटी थीम. थीम्सच्या फोल्डरमध्ये एक नवीन फोल्डर, त्यात स्टाईल डॉट सीएसएस, वर थीमचं नाव आणि टेम्प्लेट म्हणून लिहिलेली एक ओळ, त्यात मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. फोल्डरचं हं, डॅशबोर्डात दिसतं ते नाव नव्हे, एक डॅश जरी इकडंतिकडं झाला तरी मूळ थीम सापडत नाही म्हणून सांगतं. फूटरची फाईल बदलायची तर तेवढीच एक मूळमधून कॉपी करून चाईल्डमध्ये ठेवायची, वर्डप्रेस आधी चाईल्डमधली उचलतं.

पण फंक्शन्सची फाईल कॉपी करायची नाही! ती एकच अशी आहे की दोन्ही चालतात, आधी चाईल्डची आणि मग मूळची. मी सुरुवातीला एका गिऱ्हाईकाच्या साईटवर पूर्ण फाईल उचलून ठेवली, एकाच नावाचं फंक्शन दोनदा झालं आणि साईट झोपली, रात्री एक वाजता एफटीपीनं थेट सर्व्हरवरच्या फाईलींत जाऊन ती फाईल काढली तेव्हा उठली. चाईल्डमध्ये फक्त आपला चार ओळींचा कोड ठेवायचा.

वाई_सातारा:
माझं मत थोडं वेगळं आहे. मथळे आणि फॉन्टसाठी चाईल्ड थीमची गरजच नाही, डॅशबोर्डातल्या कस्टमायझरमधलं 'अतिरिक्त सीएसएस' बास आहे. २०१६ मध्ये ४.७ व्हर्जनपासून ते आलंय आणि ते डेटाबेसमध्ये राहतं, म्हणून थीम अपडेटचा त्याला धक्का लागत नाही. व्हॉट्सॲप बटणाचा कोड तर छोटं प्लगिन, म्हणजे साईटला जोडायचा वेगळा तुकडा, करून ठेवा, उद्या थीमच बदलली तरी बटण जागेवर राहील. चाईल्डमध्ये फाईल कॉपी केली की एक जबाबदारी पण येते, मूळ थीमवाल्यानं ती फाईल सुधारली तरी तुमच्याकडं जुनीच चालत राहते. वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगिनच्या फाईली कॉपी केल्या असतील तर त्याच्या स्टेटस पानावर कुठली जुनी झालीय ते दिसतं, अधूनमधून बघत जा.

मिरज_वेबवाला:
हे पटलं. फक्त ताई क्रम लक्षात ठेवा, अतिरिक्त सीएसएस हे थीमगणिक वेगळं असतं. आत्ता लिहिलं आणि नंतर चाईल्ड चालू केली तर डबा रिकामा दिसेल, मेनूच्या जागा पण परत लावायला लागतील. म्हणून आधी चाईल्ड चालू करा, मग सीएसएस चिकटवा.

हळदीवाली_सांगली:
मिळालं!! होस्टिंगवर रविवारचा बॅकअप होता, त्यातलं थीमचं फोल्डर काढलं आणि विनमर्जमध्ये ताडून बघितलं. मला वाटत होतं शेकडो ओळी असतील, निघाल्या एक्केचाळीस, आणि फूटरची एक फाईल. फूटर चाईल्डमध्ये ठेवलं, बटणाचं प्लगिन केलं, सीएसएस शेवटी चिकटवलं. मग धीर करून मूळ थीम तशीच परत एकदा नव्यानं टाकून बघितली, अपडेट झाल्यासारखीच, आणि मोबाईलवर साईट उघडली तर 'सांगलीची हळद' एका सलग शिरोरेघेत. एवढ्या रात्री तिघंही बसून सांगत होता, खूप खूप आभार. आता रविवारचा बॅकअप रोजचा कसा करायचा तेवढं सांगा.

कृष्णाकाठ:
होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बॅकअपच्या वेळेचं सेटिंग आहे का बघा, नसेल तर अपड्राफ्टप्लस प्लगिन टाका. डेटाबेस रोज, फाईली आठवड्यातून एकदा, आणि कॉपी गुगल ड्राईव्हवर जाऊ द्या, त्याच सर्व्हरवर ठेवू नका.