परकी सैन्याच्या ताब्यातील इराक : पुनर्बांधणी आणि लोकमत

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा) :
अमेरिकी संसदेने २००३ मध्ये इराकच्या पुनर्बांधणीसाठी सुमारे १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले, तरीही तेथील लोकमत अमेरिकेच्या विरोधात का गेले? आमच्या वाचनालयात चर्चा झाली. समाधान झाले नाही.

उत्तर (दारव्हा) :
मंजूर झालेली रक्कम दारापर्यंत पोहोचतेच असे नाही. घातपात वाढल्यावर तिचा मोठा वाटा सुरक्षेकडे वळवला गेला आणि बगदादच्या उन्हाळ्यात पंखा बंद पडलेल्या माणसाने कारभाराची परीक्षा विजेवरूनच केली. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटारपंपाशी बसणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र आपण निदान आमदाराला जाब विचारू शकतो.

उत्तर (देऊळगाव राजा) :
सारे विजेवर ढकलू नये. मे २००३ मध्ये अमेरिकेने इराकचा कारभार पाहण्यासाठी नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य बरखास्त केले, तेव्हा लाखो माणसांचा पगार आणि मान एका आदेशासरशी गेला.

प्रश्नकर्ता :
मग २८ जून २००४ रोजी इराकी हंगामी सरकारकडे सत्ता सोपवल्यावर तरी मत बदलायला हवे होते.

उत्तर (दारव्हा) :
सत्ता कागदावर सोपवली गेली. एक लाखाहून अधिक अमेरिकी सैनिक मात्र तेथेच राहिले.