उकडीचे मोदक फुटतात, नाशिकात पिठी कुठून आणू? (सल्ला हवाय)

येवल्याची_लेक:
नमस्कार मंडळी. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती उशिरा आहेत, १४ सप्टेंबरला, म्हणून जरा आधी विचारायला सुचलंय. नाहीतर मी हा धागा आदल्या रात्री अकरा वाजता काढला असता.

तर झालंय असं की माहेर येवला, सासर इथे इंदिरानगर, दोन्हीकडे तळणीचेच मोदक. कणकेची पारी, आत सुकं खोबरं खसखस पिठीसाखर. पण लेक खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे उकडीचे खाऊन आली आणि गेल्या वर्षी हट्टच धरला, मग मी व्हिडिओ बघून उतरले मैदानात. पिठी दुकानातली पाकिटाची. २१ करायला घेतले. वळतानाच कडा तडकत होत्या, तरी रेटून नेलं, आणि झाकण काढलं तर नऊ शाबूत, बाकीच्यांची तोंडं उघडलेली आणि मोदकपात्रात खाली गुळाचं पाणी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त कढई काढून तेल तापत ठेवलं. ते न बोलणं जास्त लागलं.

यंदा नीट करायचेत. तांदूळ कुठला, दळायचा कुठे, साचा घेऊ का हाताने वळू, आणि सकाळी आरतीच्या आधी सगळं होण्यासाठी आदल्या रात्री काय करून ठेवता येतं?

सिडकोकर७:
सरळ ऑर्डर द्या हो ताई. आमच्या गल्लीत एक काकू करून देतात, तुमच्याकडेही असतीलच कोणीतरी. सणाच्या दिवशी कशाला डोक्याला ताप.

येवल्याची_लेक:
खायला ऑर्डर देईन की दादा. नैवेद्याला घरचे हवेत. आणि आता जिद्द पण आहे थोडी 😅

देवगडची_माई:
अगं पोरी, हातात काही दोष नाही तुझ्या, पिठीत होता. ते पाकीट दुकानात किती महिने पडलं होतं देव जाणे, जुनी पिठी पाणी पिते आणि तरी कोरडीच राहते, तिला चिकटपणाच नसतो मग कळ्या पाडताना तडकणार नाही तर काय. मी लग्न होऊन नाशिकरोडला आले त्याला आता ३४ वर्षं झाली, पहिल्या वर्षी माझे पण फुटले होते, कारण घरात भाताचा जुना तांदूळ होता तोच दळून आणला. भाताला जुना चांगला, मोकळा होतो. मोदकाला नेमकं उलटं.

तांदूळ सुवासिक आणि चिकट हवा. आंबेमोहोर मिळाला तर सोनं. तीन चार पाण्यातून धुवायचा, पाणी नितळ येईपर्यंत, मग निथळून सुती पंचावर पंख्याखाली पसरायचा. उन्हात नाही, दाणा तडकतो. भाद्रपदातली हवा दमट, एका दिवसात नाही वाळत कधी कधी, दोन दिवस धर. मग गिरणीवाल्याला स्पष्ट सांगायचं की तांदळावरच दळून दे. गव्हावर दळलं की पिठीत कणकेचा अंश येतो, रंग जातो आणि उकड पण वेगळीच लागते. आणून मैद्याच्या चाळणीने चाळ. अर्धा किलो तांदळाची पिठी तुझ्या २१ मोदकांना पुरून उरते, ट्रायलसकट.

घोटीकर_भाऊ:
माईंना दुजोरा, फक्त आंबेमोहोर शोधत पुण्याला जायची गरज नाही. आपल्या इगतपुरी घोटी पट्ट्यात इंद्रायणी उदंड पिकतो, घोटीला भाताच्या गिरण्याच गिरण्या आहेत. इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचंच पोर, वडगाव मावळच्या केंद्रातून १९८७ साली आलेलं. आईचा वास आणि चिकटपणा दोन्ही उतरलंय त्यात. आमच्याकडे घरचा असतो, आई त्याचेच मोदक करते आणि आम्हाला अजून कोणी नावं नाही ठेवली. भाद्रपदात जो ‘नवा’ म्हणून मिळतो तो गेल्या दिवाळीच्या आसपास निघालेला असतो, तो चालतो. दोन वर्षांचा जुना नको.

पेठ_रोडवरून:
बासमतीच्या तुकड्याचं विसरलात सगळे. आम्ही बासमती तुकडा आणि इंद्रायणी निम्मं निम्मं घेतो. एकटा इंद्रायणी जरा जास्तच चिवट होतो हे माझं मत.

देवगडची_माई:
मोदकाला बासमती?? असो. ज्याचा त्याचा गणपती.

पेठ_रोडवरून:
माई चिडू नका, एकदा करून बघा 🙏

गणिताचे_सर:
पिठीवर एवढी चर्चा झाली, उकडीवर कोणीच बोलेना. मी पुरुष माणूस, स्वयंपाकात हौशी, पण गेली सहा वर्षं घरचे मोदक मीच करतो म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

मापाची एकच वाटी ठरवून घ्या. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, इंद्रायणी असेल तर पाण्यातून दोन चमचे काढून ठेवा, मळताना लागलंच तर आहेच. पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पांढरेशुभ्र हवे असतील तर निम्मं पाणी निम्मं दूध, पण मग ते लवकर संपवावे लागतात. पाणी खळखळून उकळलं पाहिजे, नुसतं कोमट वाफाळलेलं नाही, कारण गरम पाण्यानेच पिठीतला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच तुमच्या पारीला धरून ठेवतो. पिठी एकदम घालायची, गॅस बारीक, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळायचं आणि झाकण ठेवून दोन तीन मिनिटं वाफ. मग गॅस बंद करून तसंच पाच मिनिटं राहू द्या. इथे घाई केली की मधे कोरडी पिठी राहते आणि तिथेच मोदक फुटतो.

परातीत काढल्यावर हात भाजतो म्हणून लोक गार होईपर्यंत थांबतात ती दुसरी चूक. आधी वाटीच्या बुडाने किंवा तांब्याने रगडा, मग हात सोसवला की तूप पाण्याचा हात लावून मळा, आठ दहा मिनिटं, खरोखर घड्याळ लावून. झालं का हे बघायला छोटी गोळी करून दाबा. कडेला भेग पडली तर अजून पाण्याचा हात, अजून मळा. गुळगुळीत राहिली की मगच पारी. बाकीची उकड ओल्या कापडाखाली.

येवल्याची_लेक:
सर, मी दोन मिनिटं मळली होती फार तर. आता कळलं. आणि ते गुळाचं पाणी?

गणिताचे_सर:
सारण ओलं राहिलं असणार. दोन वाट्या खोवलेल्या नारळाला एक वाटी चिरलेला गूळ, गोड फार आवडत असेल तर सव्वा. मंद आचेवर गूळ विरघळतो, सैल होतो, मग हळूहळू आळतो. चमच्याने ओढलं की कढईच्या तळाला रेघ उमटली पाहिजे, आणि लगेच बंद, कारण गार झाल्यावर अजून घट्ट होतं. जास्त आटवलं तर चिक्की. शेवटी वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. चुकून सैल राहिलंच तर चमचाभर तांदळाची पिठी भाजून घाला, ओल शोषून घेते. आणि गरम सारण भरू नका कधीच, पारी मऊ पडून फाटते.

देवगडची_माई:
सरांना पैकीच्या पैकी मार्क. फक्त नारळ खोवताना काळी पाठ येऊ देऊ नका, सारण मळकट दिसतं. काळा गूळ घेतलात तर सारण काळपट होणारच, पण चव छान, मला तोच आवडतो.

कॉलेजरोड_किचन:
साच्याबद्दल सांगते. साचा घ्या बिनधास्त. भांडी बाजारात प्लास्टिकचे, अॅल्युमिनियमचे दोन्ही मिळतात आणि मोदकपात्र पण तिथेच बघा, भाव करून. साच्याला आतून तुपाचा हात, उकड दाबून भिंतींना पातळ लावायची, सारण, खालून उकडीची चकती लावून बंद. दीड तासाचं काम पाऊण तासात. ऑफिस करणाऱ्या बायकांनी कळ्या मोजत बसायचं का?

देवगडची_माई:
साच्यातला मोदक म्हणजे फोटोतला मोदक. जाड होतो गं तो. हाताच्या मोदकात पारी इतकी पातळ येते की आतलं सारण दिसावं.

कॉलेजरोड_किचन:
आमच्या बाप्पाने कधी तक्रार नाही केली माई 😄

गोदाकाठ:
भांडू नका, दोन्ही करा, पाच हाताचे सोळा साच्याचे, झाले २१.

हाताने करताना एक सांगते जे व्हिडिओत दिसत नाही. गोळ्यात दोन्ही अंगठे घालून वाटी करायची, मध्य जरा जाड आणि कडा पातळ. सगळे उलट करतात, बुड पातळ होतं आणि उकडताना खालून गळतं. कळ्या पाडताना अंगठा न् पहिलं बोट न् मधलं बोट, चिमटा वरून खालपर्यंत ओढायचा नाहीतर नुसत्या चुण्या दिसतात. सारण वाटीच्या तीन चतुर्थांशच. मग मोदक हातात फिरवत फिरवत कळ्या जवळ आणायच्या, दाबायच्या नाहीत, आणि वरती नाक काढायचं. पहिले चार वाकडे येतात, ते आपण खायचे.

उकडायला ठेवताना प्रत्येक मोदकाचं बुड पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे चिकटत नाही. पात्रातलं पाणी आधीच उकळतं हवं. झाकणाला फडकं बांधा, वाफेचं पाणी मोदकांवर ठिबकत नाही. दहा बारा मिनिटं, बास. उघडल्यावर लगेच उचलू नका, तीन चार मिनिटं थांबा, नाहीतर नाक हातात येतं.

सिडकोकर७:
वाचून आता मला पण करावेसे वाटायला लागलेत. बायकोला सांगतो म्हणालो तर तिने “तुम्हीच करा की” म्हणून परात हातात दिली.

गणिताचे_सर:
स्वागत आहे 😀

येवल्याची_लेक:
आणि आदल्या रात्रीचं?

गोदाकाठ:
सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये, सकाळी बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ दे. पिठी चाळून डब्यात. उकड मात्र कधीही आधी काढू नको. शिळा भात कसा टणक होतो तशीच ती पण होते, मग कितीही मळ. नैवेद्याचं म्हणून मधे चाखताही येत नाही, त्यामुळे मीठ गुळाचा अंदाज आधीच पक्का हवा. गणपतीच्या आधी संकष्टी येतेच, तेव्हा अर्ध्या मापाची ट्रायल घे.

उकड उरली तर मीठ, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून निवगऱ्या कर, त्याच पात्रात मोदकांनंतर. आमच्या घरात मोदकांपेक्षा त्यावर उड्या पडतात, वर कच्चं तेल.

पेठ_रोडवरून:
निवगऱ्यांसाठी वेगळा धागा काढा कोणीतरी प्लीज.

येवल्याची_लेक:
अपडेट! संकष्टीला ट्रायल झाली. घोटीकर भाऊंचं ऐकून इंद्रायणी आणला, घरात दोन दिवस पंख्याखाली पंचा पसरलेला, लेक त्यावरून उड्या मारत होती. गिरणीत “तांदळावर दळा” म्हटल्यावर गिरणीवाले म्हणाले थांबा मग, पुढचा तांदळाचा डबा येऊ द्या. चाळीस मिनिटं थांबले. एक वाटी पिठी, पाऊण वाटी पाणी, सरांच्या सांगण्यावरून मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावून मळली, हात दुखून आले.

दहा झाले. एकाला बुडाला भोक पडलं, गोदाकाठ ताई तुम्ही म्हणालात तसंच, बुड पातळ. बाकी नऊ शाबूत. म्हणजे आकडा गेल्या वर्षीचाच, पण दहातले नऊ 😂 कळ्या कुठे सात कुठे अकरा. माई, पारी अजून जाडच आहे, सारण बिरण काही दिसत नाही.

सासूबाईंनी एक खाल्ला, वरून तूप घेऊन. मग म्हणाल्या दुसरा दे. आणि रात्री भांडी आवरताना म्हणाल्या की गणपतीला २१ उकडीचे कर पण तळणीचे पाच तरी होऊ देत, मी करते. तेल त्या तापवणारच आहेत, पण यंदा मला चालेल.

एकच राहिलं. हळदीची पानं कुठे मिळतील? भद्रकालीत दोन फेऱ्या मारल्या, केळीची आहेत, हळदीची नाहीत. लेकीच्या मैत्रिणीकडचे मोदक त्या पानावर उकडलेले होते आणि तिला तोच वास हवाय.

देवगडची_माई:
बाजारात नको शोधू. माझ्याकडे कुंडीत आहे, मे महिन्यात ओली हळद खोचली होती, आता कमरेएवढी झालीये. नाशिकरोडला येणं होत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) कर, आठ दहा पानं देते. आणि येताना तो जाड पारीचा एक मोदक आण, बघते मी.